लोखंडाचा रंग पुन्हा पुन्हा का मोजायचा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. गोव्यात डिचोलीला घरी गेले की हा प्रश्न हमखास येतो, आणि सगळ्यांत आधी मामाकडून. त्याची सगळी नोकरी खाणीच्या प्रयोगशाळेत झाली. बार्ज भरण्याआधी मालाचा नमुना घ्यायचा, वाळवायचा, दळायचा, त्यात लोह किती टक्के ते काढायचं. "आम्ही लोखंड किती ते मोजायचो. तू त्याचा रंग मोजतेस. तो काय बदलणार आहे, बाय?"

बदलतो का, हेच तर बघायचं आहे.

लोखंडाच्या वाफेतून प्रकाश गेला की ती ठरावीक तरंगलांब्याच, म्हणजे ठरावीक रंगच, शोषते; वर्णपटात तिथे काळ्या रेषा दिसतात. त्या रेषा नेमक्या कुठे पडणार, हे ज्या आकड्यांवर ठरतं त्यांतला एक अल्फा, म्हणजे विद्युतचुंबकीय बलाची ताकद सांगणारा स्थिरांक: साधारण १/१३७.०३६. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ झोमरफेल्डने तो १९१६ मध्ये मांडला. तो एवढाच का, हे आजवर कुठल्याही सिद्धांताला सांगता आलेलं नाही. मग अब्जावधी वर्षांपूर्वीही तो एवढाच होता का, हे विचारणं भाग आहे. क्वेझार म्हणजे दूरच्या दीर्घिकांची अतितेजस्वी केंद्रं; त्यांचा प्रकाश वाटेतल्या दीर्घिकांच्या वायूतून येतो आणि तिथल्या लोखंडाच्या, मॅग्नेशियमच्या रेषा घेऊन येतो. अल्फा वेगळा असता तर मॅग्नेशियमच्या रेषा जवळपास जागेवर राहिल्या असत्या आणि लोखंडाच्या सरकल्या असत्या. जस्त आणि क्रोमियम तर एकमेकांच्या उलट दिशेला जातात. १९९९ पासून ही तुलना चालू आहे.

सरकणं किती? अल्फा लाखात एक भाग बदलला, तर लोखंडाची २६० नॅनोमीटरची रेषा ०.०००२ नॅनोमीटरही हलत नाही. दुर्बिणीत दिसलेली रेषा शेवटी आजच्या, इथल्या रेषेशीच ताडून बघायची असते. आमचा प्रयोगशाळेतला आकडाच चुकला, तर बदल दीर्घिकेच्या नावावर लागेल.

म्हणून आमच्या प्रयोगशाळेत एक दिवा असतो. लोखंडाची पोकळ नळी, आत कमी दाबाचा आर्गॉन, त्यातून वीज. आर्गॉनचे आयन भिंतीवर आदळतात, लोखंडाचे अणू सुटतात आणि उजळतात. तो प्रकाश दोन वाटांनी नेऊन परत एकत्र आणायचा, एका वाटेवरचा आरसा हळूहळू सरकवायचा आणि त्या चढउतारांतून सगळ्या रेषा काढायच्या. मोजपट्टी त्याच दिव्यातली: आर्गॉनच्या रेषा. वेगळा दिवा घेतला तर प्रकाश यंत्रात जरा निराळ्या कोनातून शिरतो, आणि तेवढ्यानं पट्टी बिघडते.

पुढे लक्षात आलं की आर्गॉनच्या प्रमाण मानलेल्या दोन याद्यांतच दहा कोटींत काही भागांचा फरक आहे. सगळ्याच रेषा एकाच प्रमाणात चुकल्या तर बिघडत नाही. ती चूक दीर्घिकेच्या दूर जाण्याच्या वेगात मिसळून जाते. पण मॅग्नेशियम एका पट्टीनं आणि लोखंड दुसऱ्या पट्टीनं मोजलं, तर अल्फा बदलल्यासारखा दिसू शकतो. हे मामाला लगेच कळलं. काटा कमी दाखवत असला तरी टक्केवारी बरोबर येते, म्हणाला, पण नमुना एका काट्यावर आणि त्यातून निघालेलं लोह दुसऱ्यावर तोललं की हिशोब गेला. माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांना हे इतक्या सहज सांगता येत नाही.

मॅग्नेशियमची समस्थानिकं, म्हणजे त्याचेच वेगवेगळ्या वजनाचे अणू, हा आणखी एक घोळ. आपल्याकडे ७९ टक्के मॅग्नेशियम-२४ आहे; जुन्या दीर्घिकांत मिश्रण वेगळं असेल, तर रेषेचा मध्य तेवढ्यानंही हलतो.

हवाईतल्या केक दुर्बिणीच्या निरीक्षणांतून अल्फा पूर्वी दहा लाखांत साडेपाच भागांच्या आसपास कमी होता असं निघालं. २००४ मध्ये पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले श्रीआनंद आणि सहकाऱ्यांनी चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून बदल दिसत नसल्याचं सांगितलं. नंतर दुर्बिणींच्या वर्णपटमापकांच्या पट्टीतही दोष सापडले. अलीकडच्या नेमक्या मोजणीत बदल दिसलेला नाही. कोणी म्हणतं, मग एवढी वर्षं फुकट गेली. मला हे अजिबात पटत नाही. न बदलणं आपण गृहीत धरलं होतं. आता ते किती बारकाईपर्यंत खरं आहे, हे मोजून माहीत आहे.

मामानं शेवटी विचारलं, "मग तुमचा अंपायर कोण?" विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या टक्केवारीत तफावत आली की तिसऱ्या प्रयोगशाळेचा नमुना धरतात, तो अंपायर. आमच्याकडे दुसऱ्या पद्धतीनं मोजलेला आकडाच हे काम करतो. मॅग्नेशियमच्या रेषा १९९८ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजनं दिव्यातून मोजल्या. २००९ मध्ये जर्मनीत गार्खिंगला, विद्युतक्षेत्रात अडकवून थंड केलेल्या आयनांवर लेसर टाकून त्या पुन्हा मोजल्या.

"आणि लोखंडाच्या?"

त्यांचे आकडे अजून बहुतांशी आमच्या दिव्यांवरच उभे आहेत. म्हणून पुन्हा पुन्हा.