तुम्ही विचारलंत म्हणून : तिकडं दिवसभर करायचं काय?

परवा चक्कीवरून दळण घेऊन येताना आमच्या गल्लीतल्या एका वहिनींनी मला थांबवलं. त्यांचा मुलगा फौजेत आहे. यंदा तो संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेबरोबर दक्षिण सुदानला गेलाय. पिठाचा डबा कडेवरच धरून त्या म्हणाल्या, "भाऊजी, पोट्टं फोनवर काहीच सांगत नाही जी. 'बरं आहे' म्हणते अन् ठेवते. तिथं दिवसभर करते तरी काय ते?"

हा प्रश्न मला कितीतरी वर्षांपासून विचारला जातो, विचारणारे तेवढे बदलतात. पहाटे पुलगावच्या रस्त्यावर भरतीसाठी धावणारी पोरं विचारतात, "काका, गोळीबार पाह्यला का? तुम्ही विमान चालवत होते का?" नातेवाईक विचारतात, पगार किती मिळत होता. वहिनींनी मात्र दिवसाचं विचारलं, म्हणून या वेळी नीट लिहितो.

मी देवळी तालुक्यातला, शेतकऱ्याच्या घरचा. बेळगावजवळच्या सांबऱ्याला हवाई दलाचं प्राथमिक प्रशिक्षण झालं, मग तांबरमला कारागिरीचं. माझा ट्रेड एअरफ्रेम फिटर. म्हणजे विमान चालवणारा नव्हे, ते चालण्याजोगं ठेवणारा. सार्जंट असताना, २००८ साली, मला एक वर्षासाठी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेबरोबर आफ्रिकेतल्या काँगोला पाठवलं. आपलं हवाई दल त्या देशात पहिल्यांदा गेलं ते १९६१ साली, पाच नंबरच्या स्क्वाड्रनची कॅनबेरा बॉम्बर घेऊन. दुसऱ्यांदा २००३ पासून हेलिकॉप्टरं गेली. आमचा तळ गोमा शहरात होता. किवू सरोवराच्या उत्तर काठावर, रवांडाच्या सीमेला अगदी खेटून हे शहर आहे, आणि डोक्यावर न्यिरागोंगो ज्वालामुखी. २००२ च्या जानेवारीत त्याचा लाव्हा शहरातून वाहत विमानतळावर आला आणि धावपट्टीचं उत्तरेकडचं टोक त्याखाली गेलं. आम्ही गेलो तेव्हाही ती काळी दगडी लाट तिथंच थिजलेली होती. रात्री डोंगराच्या माथ्यावर आभाळ लाल दिसायचं. पहिल्या आठवड्यात झोप लागली नाही, नंतर तिकडं बघायचंही कुणाला सुचेना.

आता दिवस सांगतो.

पहाटे साडेचारला उठायचं. चहा, आणि अंधारातच गाडीनं डिस्पर्सलवर, म्हणजे हेलिकॉप्टरं उभी असतात त्या जागेवर. आमची एमआय-१७ पांढऱ्या रंगात रंगवलेली, अंगावर काळ्या अक्षरांत यूएन. पहिलं काम खडे वेचण्याचं. हातात डबा घेऊन सगळ्यांनी एका ओळीत चालायचं आणि जमिनीवरचा प्रत्येक खडा उचलायचा. कापूस वेचायला बाया ओळीनं शेतात शिरतात ना, तसंच अगदी. तिथली माती म्हणजे लाव्ह्याचा चुरा. हातात घेतली तर काच कुटून ठेवल्यासारखी बोचते. पंखा फिरायला लागला की हा चुरा उडतो, इंजिनात ओढला जातो, पात्यांच्या कडा खातो. म्हणून रोज वेचायचं. संध्याकाळपर्यंत वारा पुन्हा तेवढाच आणून टाकायचा.

मग कव्हरं काढायची, पाती बांधून ठेवलेले दोर सोडायचे आणि तपासणी सुरू. इंधनाच्या टाकीखालच्या तोटीतून थोडं इंधन काचेच्या बरणीत घ्यायचं, ती बॅटरीच्या उजेडासमोर धरायची. पाणी असेल तर ते तळाला बसतं, मण्यासारखा थेंब वेगळा दिसतो. बरणी हलवायची, थांबायचं, पुन्हा बघायचं. घाई केली तर थेंब दिसत नाही. तेलाची पातळी, चाकांची हवा, गळती. त्यानंतर वर चढून पाती. एमआय-१७ ला पाच पाती असतात आणि त्यांचा फेर २१ मीटरच्या वर जातो. प्रत्येक पात्याच्या कण्यात दाबाखाली हवा भरलेली असते. कुठं बारीकशी भेग पडली की दाब उतरतो आणि मुळाशी बसवलेल्या छोट्या खिडकीत लाल पट्टी दिसते. डोळ्यांना न दिसणारी भेग ती लाल पट्टी सांगते. मी ती पाच ठिकाणी रोज बघायचो. वर्षभरात एकदाही लाल दिसली नाही. तरी रोज बघायचो, कारण ज्या दिवशी दिसेल तो दिवस आधी कळवून येत नाही.

सगळं झालं की फॉर्म ७०० मध्ये सही. हवाई दलात प्रत्येक विमानाचं एक पुस्तक असतं, त्याला आम्ही सेव्हन हंड्रेडच म्हणतो. माझी सही, इंजिनवाल्याची सही, इलेक्ट्रिकलवाल्याची सही, आणि शेवटी पायलटची, की हे विमान मी ताब्यात घेतलं. पायलट तरुण असायचे, माझ्यापेक्षा कितीतरी लहान. ते सही करताना एकदा माझ्या तोंडाकडं बघायचे. बोलायचे काही नाही. त्या बघण्यासाठी मी वर्षभर साडेचारला उठलो, असं म्हटलं तरी चालेल.

उड्डाणं शक्यतो सकाळी व्हायची, दुपारनंतर डोंगरांवर ढग दाटून यायचे. मासिसी, वालिकाले, पिंगा, रुत्शुरू. या गावांच्या आसपास आपल्या लष्कराच्या चौक्या होत्या आणि रस्ते असे, की पावसात ट्रक पोहोचायला दिवसच्या दिवस लागत. त्यामुळं पीठ, बटाटे, पाणी, डिझेलचे पिंप, औषधं, बदलीवर जाणारे जवान, सगळं हेलिकॉप्टरनं जायचं. गोमाच मुळात समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटर उंचीवर. विरळ हवेत इंजिनाची ताकद कमी पडते, म्हणून प्रत्येक पोतं तोलून चढवायचं. "एक पोतं जास्त चालेल का?" असं चौकीवरून रोज विचारायचे. रोज नाही म्हणावं लागायचं, आणि ते जड जायचं, कारण ते पोतं कुणाच्या तरी जेवणाचं आहे हे आम्हाला माहीत होतं.

हेलिकॉप्टर गेलं की उरायचं थांबणं. वहिनी, तुमच्या मुलाच्या दिवसातलं सर्वांत मोठं काम बहुतेक हेच असेल, आणि ते फोनवर सांगता येत नाही. सकाळी गेलेलं हेलिकॉप्टर परत येईपर्यंत आम्ही फिल्टर साफ करायचो, कागद भरायचो, सुट्या भागांच्या पेट्या मोजायचो. पण कान आभाळाकडं. कोणता आवाज आपल्या हेलिकॉप्टरचा हे दोन महिन्यांत कळायला लागतं. अंगणात बसलेल्या बाईला आपल्या बंडीच्या बैलांची घंटा लांबून कळते, तसं.

तळावर कामाला येणारे स्थानिक लोक स्वाहिली बोलायचे. त्यांच्याकडं चहाला 'चाय', गाडीला 'गारी', दुकानाला 'दुका'. हे शब्द ऐकले की मला बरं वाटायचं. रस्त्यावर 'चुकुडू' नावाची लाकडी दुचाकी चालायची. तिला ना पेडल, ना साखळी. तिच्यावर कोळशाची, बटाट्याची पोती लादून पोरं उतारावरून भरधाव निघायची आणि चढावर ढकलत न्यायची. आमचा बंडी बनवणारा सुतार तिथं असता तर तिची चाकं बघत तासभर उभा राहिला असता.

आता दोन प्रसंग. एक माझ्या चुकीचा.

रोज संध्याकाळी हत्यारं मोजली जातात. फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली असते. हत्यार जागेवर नसेल तर ती आकृती उघडी पडते. एका संध्याकाळी चौदा नंबरच्या सॉकेटची आकृती उघडी दिसली. सॉकेट म्हणजे बोल्ट फिरवायचा, बोटाच्या दोन पेरांएवढा लोखंडी तुकडा. तो वापरलेला मी. हेलिकॉप्टरच्या आत राहिला असेल तर हादऱ्यानं सरकत कुठल्याही कंट्रोलच्या दांड्यात जाऊन अडकू शकतो. अधिकाऱ्यांनी पुस्तकात नोंद केली आणि ते हेलिकॉप्टर उडणार नाही असं सांगितलं. पाऊस पडत होता. आम्ही सात जण बॅटऱ्या घेऊन शोधत होतो. मी हात लावलेलं प्रत्येक झाकण पुन्हा उघडलं. लॉकिंग वायर कापल्या.

ही वायर काय असते तेही सांगतो, कारण माझ्या हातांना अजून तिची सवय आहे. दोन बोल्टांच्या डोक्यांतल्या भोकांतून बारीक तार ओवायची आणि पीळ देत अशी बांधायची, की एक बोल्ट ढिला व्हायला लागला तर तार दुसऱ्याला आवळेल आणि तो दुसरा पहिल्याला सुटू देणार नाही. पीळ उलट्या बाजूनं दिला तर तार दिसायला तशीच दिसते, पण काम उलटं करते. कापलेली तार पुन्हा वापरायची नसते. त्या रात्री कापलेली प्रत्येक तार नवी बांधावी लागणार होती.

रात्री साडेअकराच्या सुमारास सॉकेट सापडलं. इंजिनाच्या तोंडावर घालायच्या कव्हरच्या घडीत. मीच ते कव्हरवर ठेवलं होतं आणि मीच त्याची घडी केली होती. मला कुणी रागावलं नाही. सगळी झाकणं बंद करून, तारा बांधून, दुसऱ्या फिटरनं माझं काम तपासून सही करेपर्यंत दोन वाजले. साडेचारला आम्ही परत खडे वेचायला हजर होतो. त्यानंतर मी सॉकेट कधीही कापडावर ठेवलं नाही. घरी विहिरीवरची मोटर खोलतानाही नाही.

दुसरा प्रसंग ऑक्टोबर संपतानाचा. त्या दिवसांत बंडखोर गोम्याच्या दिशेनं सरकत आले होते. उत्तरेकडच्या रस्त्यानं माणसं येत होती. डोक्यावर गाद्या, पाठीला मुलं, हातात कोंबडी. किबातीला त्यांची मोठी छावणी पडली होती. आमचं काम दिवसरात्र झालं. एका दुपारी जखमी जवानाला घेऊन हेलिकॉप्टर उतरलं. स्ट्रेचर ॲम्ब्युलन्समध्ये चढवलं, शहरातल्या आपल्या भारतीय इस्पितळाकडं ती निघाली आणि आम्ही आत गेलो. पुढचं उड्डाण पाऊण तासात होतं.

हेलिकॉप्टरच्या जमिनीत माल बांधायच्या कड्या असतात, प्रत्येक कडीभोवती वाटीसारखा खळगा. रक्त त्या खळग्यांत साचलं होतं. पाणी ओतून भागत नाही, ते फटींतून खाली वायरींवर जातं. मी गुडघ्यांवर बसून एकेक खळगा कॉटन वेस्टनं टिपत गेलो. कॉटन वेस्ट म्हणजे गिरणीतल्या सुताचे गुंते. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिकतो. आईनं वेचलेला, बाबांनी बंडीत भरून जिनात नेलेला. तो सुताचा गुंता हातात लाल होत होता आणि मला घरचं अंगण दिसत होतं. का, ते मला आजही सांगता येत नाही. तो जवान वाचला, एवढं दुसऱ्या दिवशी ॲम्ब्युलन्सच्या चालकानं सांगितलं. त्याचं नाव मला माहीत नाही. पुढच्या फेरीत त्याच जमिनीवर कांद्याची पोती गेली.

संध्याकाळी फोन. काँगोच्या त्या भागातलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं. मी सहाला मोकळा व्हायचो तेव्हा गावात साडेनऊ वाजलेले, आणि त्या काळात आमच्याकडं लोडशेडिंग इतकं, की बायकोचा फोन चार्ज असेल तर नशीब. ती अंधारात गच्चीवर उभी राहून बोलायची. तुरीला फुलं आली का, आईचे गुडघे कसे आहेत, पोरीची सहामाही कशी गेली. मग ती विचारायची, "आज काय केलं?" आणि मी म्हणायचो, "काही नाही. रोजचंच." खळग्यांचं मी तिला घरी परतल्यावर कितीतरी महिन्यांनी सांगितलं. सॉकेटचं आत्ता हे लिहिताना वाचून दाखवलं. त्या वर्षीच्या भत्त्यातून आम्ही विहीर खोदली. पाणी लागलं आणि कोरडवाहू शेतात हरभरा उभा राहिला. पैशाचं विचारणाऱ्यांना माझं हे उत्तर आहे, आणि ते मी आनंदानं देतो.

आपली हेलिकॉप्टरं २०११ मध्ये काँगोतून परतली. गोमा त्यानंतर दोनदा बंडखोरांच्या हातात गेलं, २०१२ च्या नोव्हेंबरात आणि २०२५ च्या जानेवारीत. दुसऱ्या वेळी टीव्हीवर विमानतळ दाखवला, तेव्हा मी नकळत आमची डिस्पर्सलची जागा शोधत होतो. तळावर कामाला येणारा एक जण मला रोज 'हबारी, सार्जंट' म्हणायचा. तो कुठं असेल, हे त्या रात्री जेवताना मनातून गेलं नाही.

त्या दिवशी चक्कीच्या वाटेवर मी वहिनींना एवढं सगळं नाही सांगितलं. डबा जड होता. मी म्हटलं, "वहिनी, 'कसा आहेस' विचारू नका, ते 'बरं आहे'च म्हणणार. आज हातानं काय काम केलं, ते विचारा."

दोन दिवसांनी त्या सकाळीच अंगणात आल्या. "भाऊजी, जनरेटरचं डिझेल मोजते म्हणे. सकाळ-संध्याकाळ. पट्टी घालून." मी म्हटलं, ते फार महत्त्वाचं काम आहे, त्यावर अख्ख्या तळाचे दिवे अन् वायरलेस चालतात. त्या जरा वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "हाव, तेच म्हणत होता. पट्टी आधी पुसून घ्या लागते म्हणे, नाहीतर मोज चुकते."