तुम्ही विचारलेत म्हणून : क्लबला कोण सांगणार?

वक्तृत्व क्लबच्या कामात बरीच वर्षे घालवल्यामुळे मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो : सदस्यांकडून अभिप्राय मागवल्याने क्लब खरोखर सुधारतो, की फॉर्म भरून घेतल्याचे समाधान तेवढे मिळते? विचारणारे बहुधा नुकतेच अध्यक्ष झालेले असतात आणि आधीच्या समितीने जमवलेला फॉर्मांचा गठ्ठा त्यांच्यापुढे पडलेला असतो. क्लब सुधारतो, असेच माझे उत्तर आहे. मात्र त्या गठ्ठ्याने तो सुधारल्याचे मी अजून पाहिलेले नाही.

खरे तर या क्लबांचा सगळा डोलारा अभिप्रायावर उभा आहे. रॅल्फ स्मेडली यांनी १९२४ साली कॅलिफोर्नियातील सांता अ‍ॅना येथे टोस्टमास्टर्स या आज जगभर पसरलेल्या वक्तृत्व क्लबांच्या संघटनेचा पहिला क्लब सुरू केला. आज या क्लबांतील नेहमीचे तयारीचे भाषण पाच ते सात मिनिटांचे असते आणि त्यावर मूल्यमापक, म्हणजे अभिप्राय देण्यासाठी नेमलेला सदस्य, दोन-तीन मिनिटे बोलतो. बैठकीच्या शेवटी एक जण त्या दिवशीच्या संपूर्ण बैठकीचेही मूल्यमापन करतो. पण त्याला दिसते ती एकच संध्याकाळ, आणि दिसतात ते आलेलेच लोक. न आलेल्यांविषयी तो काय बोलणार?

आमच्या क्लबात पहिला फॉर्म मीच तयार केला होता. 'बैठकांचा दर्जा कसा वाटतो?' असे विचारून एक ते पाच गुण मागितले होते. बहुतेकांनी चार किंवा पाच गुण दिले आणि समिती खूश झाली. पुढे सहामाही वर्गणीची वेळ आली, तेव्हा पाच गुण देणाऱ्यांपैकीच काही जणांनी वर्गणी भरली नाही. मला राग आला, हे कबूल करतो. त्या रागातच एकाला फोन केला. तो अतिशय नम्रपणे म्हणाला, "पाहुणा म्हणून आलो तेव्हा तिघे जण उठून भेटायला आले होते. सदस्य झाल्यावर कोणी आले नाही. आणि चार महिन्यांत भाषणाची पाळी एकदाही आली नाही." बैठका चांगल्याच होत्या, असेही त्याने आवर्जून सांगितले. म्हणजे त्याचे पाच गुण खोटे नव्हते. माझा प्रश्न चुकला होता.

त्या रात्री मी मागच्या बारा बैठकांच्या कार्यक्रमपत्रिका काढल्या आणि एका मोठ्या कागदावर उभे-आडवे रकाने आखले. एका बाजूला सदस्यांची नावे, दुसऱ्या बाजूला बैठका, आणि भाषण, मूल्यमापन, सूत्रसंचालन, वेळनोंद यांपैकी ज्याला जे काम मिळाले त्याची खूण त्या त्या चौकोनात केली. काही ओळी खुणांनी गच्च भरल्या होत्या आणि काही अगदी कोऱ्या होत्या. यात कोणाचा पक्षपात नव्हता. बैठकीच्या आदल्या दिवशी ग्रुपवर रिकाम्या जागांचा संदेश पडत असे आणि जे चटकन 'मी' लिहीत त्यांना त्या मिळत. बुजऱ्या माणसाचा 'मी' टाइप होईपर्यंत यादी भरलेली असे. माणूस बोलायला बुजतो म्हणून तर आमच्याकडे आला होता! तेव्हापासून पुढच्या चार बैठकांचे नियोजन आधीच होते, आणि ज्याला सर्वांत जास्त दिवस पाळी मिळालेली नाही त्याला सर्वांत आधी विचारले जाते.

फॉर्ममधले गुण आम्ही काढून टाकले आणि मत विचारण्याऐवजी घडलेले विचारू लागलो. शेवटचे भाषण कधी केलेत? पुढचे कधी आहे? मागच्या मूल्यमापनातले काय आठवते? या तिसऱ्या प्रश्नाने आमची चांगलीच झोप उडवली, कारण बहुतेकांना 'छान बोललात' एवढेच आठवत होते. एका सदस्येने लिहिले होते की तिला हातवारे वाढवायला सांगितले म्हणून तिने पुढच्या भाषणात ते वाढवले, तर त्या वेळच्या मूल्यमापकाने ते कमी करायला सांगितले. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतील, पण दुसऱ्याला पहिल्याचे म्हणणे ठाऊकच नव्हते. आता मूल्यमापक आधीची टिपणे वाचून येतो आणि कशाकडे लक्ष द्यायचे हे वक्त्यालाच विचारून घेतो.

टोस्टमास्टर्सने क्लबच्या तपासणीसाठी 'मोमेंट्स ऑफ ट्रूथ' नावाचे सत्र आखलेले आहे. पाहुण्याच्या मनावर पडणाऱ्या पहिल्या छापेपासून ते सुरू होते, म्हणून मला ते आवडते. तरी सगळे एकत्र बसून चर्चा करू लागले की मोठ्या आवाजाच्या माणसाचे मत सर्वांचे होऊन बसते, आणि वक्तृत्व क्लबात मोठ्या आवाजांची टंचाई कधीच नसते. त्यासाठी आधी प्रत्येकाने आपले उत्तर कागदावर लिहावे आणि मगच बोलावे. निनावीपणाचा मात्र फार भरवसा धरू नये. वीस-पंचवीस जणांच्या क्लबात दोन वाक्यांवरून माणूस ओळखू येतो.

अभिप्राय घेऊन गप्प बसणे हे न घेण्यापेक्षा वाईट आहे. पुढच्याच बैठकीत आम्ही काय ऐकले, काय बदलणार आणि काय का बदलणार नाही, हे सांगतो. 'अं', 'म्हणजे' असे अडखळल्यावर वाजणारी घंटा बंद करा, अशी मागणी आली होती. घंटा बंद केली, मोजणी ठेवली. किती वेळा अडखळलो हे वक्त्याला शेवटी कळते. बैठक अर्ध्या तासाने लहान करण्याची मागणी मान्य केली नाही, कारण तेवढ्या वेळात एक भाषण आणि आयत्या वेळच्या भाषणांचा भाग गेला असता. त्यावर दोघे नाराज झाले आणि अजूनही आहेत.

म्हणून तो गठ्ठा तूर्त बाजूला ठेवा. गेल्या सहा महिन्यांत यायचे थांबलेल्यांची नावे काढा आणि त्यांना फोन करा. पण अध्यक्षांनी स्वतः करू नये. अध्यक्षांना लोक 'कामात होतो' एवढेच सांगतात. यायचे थांबलेल्या माणसाच्या शेजारी बैठकीत जो बसत असे, त्याला तो फोन करायला सांगा.