शून्य पूर्णांक बारा

सप्टेंबर २०२४च्या पहिल्या दोन दिवसांत मराठवाड्यात पाऊस कोसळला, तेव्हा आमच्या सज्जातलं सोयाबीन शेंगा भरण्याच्या बेतात होतं. कृषी सहायक, ग्रामसेवक आणि तलाठी म्हणून मी, तिघांनी गटवार पंचनामे केले. सरकारी मदतीला नुकसान किमान ३३ टक्के लागतं. त्या हंगामात जिरायतीचा दर हेक्टरी १३,६०० रुपये होता, मर्यादा ३ हेक्टर.

पुढे तहसीलमधून यादी पोर्टलवर चढली, प्रत्येकाला विशिष्ट क्रमांक पडला आणि ग्रामपंचायतीत केवायसीचा कॅम्प लागला. सेवा केंद्रचालक क्रमांक टाकतो, स्क्रीनवर नाव, गट, क्षेत्र आणि रक्कम येते, मग अंगठा. दुपारी रांग दारापर्यंत गेली की ती स्क्रीन कोणी वाचत नाही. घात तिथेच होतो.

एका मावशींचा अंगठा लागेना. खुरपणीने रेषाच झिजलेल्या. ओल्या फडक्याने हात पुसून, वाळवून एकेक बोट लावून पाहिलं. उजवी अनामिका लागली. त्या खटाटोपात वेळ गेला म्हणूनच त्यांनी स्क्रीनकडे बघत विचारलं, "साहेब, किती पडणार?" चालकाने वाचलं, "१,६३२."

"तीन एकराचे एवढेच का ओ?"

तीन एकर म्हणजे १ हेक्टर २० आर, होतात १६,३२० रुपये. स्क्रीनवर क्षेत्र होतं ०.१२. पंचनाम्याच्या कागदावर आम्ही '१२० आर' लिहिलं होतं. एक्सेलमध्ये भरताना त्याचं ०.१२ झालं. आर लिहिताना हेक्टरचा रकाना रिकामा सोडला की हे हमखास होतं, म्हणून तेव्हापासून मी '१.२० हे.' असंच लिहितो.

चालकाचं बोट 'सहमत'वर गेलं होतं, तिथेच थांबवलं. सहमत झालं की चुकलेली रक्कमच खात्यात जाते आणि फरकासाठी पुरवणी प्रस्ताव करावा लागतो, त्यात महिने जातात. आम्ही 'असहमत' नोंदवून कारणात क्षेत्र लिहिलं. तक्रार तहसीलच्या लॉगिनला जाते. सोबत पंचनाम्याची प्रत, सातबारा आणि ई-पीक पाहणीची नोंद मी संध्याकाळीच नेऊन दिली, कारण कागदाविना तक्रार नुसती पडून राहते. मग पूर्ण यादी बसून तपासली. त्याच पानावर आणखी दोन खातेदारांचं क्षेत्र तसंच चुकलेलं निघालं.

दुरुस्ती झाली, मावशींची केवायसी पुन्हा झाली, पोर्टलवर रक्कम जमा दिसू लागली. पण बँकेच्या पासबुकात नोंद नाही. शाखेत दोन चकरा झाल्यावर त्या माझ्याकडे आल्या. हे पैसे आपण दिलेल्या खाते क्रमांकावर जात नाहीत. आधार शेवटी ज्या बँकेला जोडलं, तिथे जातात. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग, म्हणजे आधारला कोणती बँक जोडली आहे ते, पाहिलं तर पोस्टाची पेमेंट्स बँक. लाडकी बहीण योजनेसाठी पावसाळ्यात उघडलेलं खातं. त्या विसरल्याही नव्हत्या, पण ते 'बहिणीचं खातं', शेतीचं नव्हे, अशीच समजूत. गावात ती जवळपास सगळ्यांचीच आहे.

पोस्टमन मशीन घेऊन ओट्यावर बसला. त्याने अंगठा मागितला. मावशींनी उजवी अनामिका पुढे केली. शिल्लक वाचली, त्यात १६,३२० होते.