आमची वाटचाल: शाईपेनाला मानवणारी वही घडवताना

आमची संस्था सुरुवातीला निव्वळ बांधणीचे काम करीत असे. छापखान्यातून छापील फर्मे यायचे, त्यांच्या घड्या घालून, जुज (म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे) शिवून आणि पुठ्ठा चढवून आम्ही ते परत पाठवायचो; कागद कोणता वापरायचा हा निर्णय आमच्याकडे नसायचा. पुढे कोऱ्या आणि आखीव वह्या स्वतःच्या नावाने काढू लागलो, तेव्हा तो निर्णय आमच्याकडे आला आणि त्याबरोबर शाईपेनाने लिहिणारा ग्राहकही आला. हा ग्राहक शिवण पाहत नाही आणि पुठ्ठ्यावर बोटही फिरवत नाही. तो वहीचे शेवटचे पान उघडून स्वतःच्या पेनाने एक ओळ लिहितो, पान उलटून मागची बाजू पाहतो आणि मगच बोलतो. आमच्या धंद्याची पुढची दिशा या ग्राहकांनी ठरवली, असे म्हणण्यास हरकत नाही.

त्यांच्या बोलण्यातून पहिली गोष्ट लक्षात आली, ती अशी की ‘कागद चांगला नाही’ या एका तक्रारीत तीन वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. अक्षराच्या कडेने शाईचे बारीक तंतू पसरतात, म्हणजे शाई फुटते, ही पहिली. शाई कागदातून आरपार जाऊन मागच्या बाजूला ठिपके उमटतात, ही दुसरी. शाई पलीकडे उतरलेली नसतानाही मागच्या बाजूने अक्षरांची सावली दिसते, ही तिसरी. पहिल्या दोन तक्रारी कागद पाणी किती आणि कसे शोषतो यावर अवलंबून असतात. तिसरी त्याच्या अपारदर्शकतेवर. कागदाचे व्यापारी मात्र या तिन्हींवर एकच उपाय सुचवतात: अधिक जीएसएमचा कागद घ्या.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन, त्याहून अधिक काही नाही. ए-४ आकाराचा ताव चौरस मीटरचा सोळावा भाग असतो, म्हणून ८० जीएसएमच्या अशा तावाचे वजन ५ ग्रॅम भरते. एवढीच माहिती त्या आकड्यात असते. शाई त्या कागदावर कशी वागेल, हे त्यातून कळत नाही. ‘तोमोए रिव्हर’ हा जपानी कागद शाईपेनवाल्यांमध्ये ज्या रूपात नावाजला गेला तो अवघा ५२ जीएसएमचा होता. तो इतका पातळ की मागच्या पानावरचे लेखन स्पष्ट दिसते, पण शाई त्यावर फुटत नाही. उलट भरपूर जाड, मऊसर कागदावर रुंद निबाची एक ओळ लिहिली की तिच्या कडा विरघळल्यासारख्या होतात. अधिक वजनामुळे मागची सावली कमी होते हे खरे असले, तरी शाई फुटणे त्याने थांबत नाही.

ते थांबवते साइझिंग, म्हणजे कागदाची पाणी शोषण्याची ओढ कमी करणारी प्रक्रिया. कागदातील तंतू सेल्युलोजचे असतात आणि सेल्युलोजला पाण्याची ओढ असते. शिवाय तंतूंमधल्या बारीक पोकळ्या शाई आपसूक खेचून घेतात. टीपकागद बनवताना ही ओढ तशीच राहू देतात. लिहिण्याच्या कागदात मात्र लगद्यातच असा पदार्थ मिसळतात की तंतू पाण्याला सहजासहजी आत घेत नाहीत, आणि चांगल्या कागदावर पुढे पृष्ठभागाला स्टार्चचा हातही दिला जातो. लगद्यात राळ आणि तुरटी घालण्याची पद्धत जर्मनीत मोरित्झ फ्रीडरिश इलिग यांनी १८०७ मध्ये प्रसिद्ध केली. कागद यंत्रावर मोठ्या प्रमाणात बनू लागल्यावर ती सोयीची ठरली, परंतु तुरटीमुळे कागद आम्लयुक्त होतो आणि काही दशकांत पिवळा पडून त्याचे तुकडे पडू लागतात. विसाव्या शतकात ‘एकेडी’सारखी (अल्किल कीटीन डायमर) कृत्रिम साइझिंग द्रव्ये आली, जी अल्कधर्मी लगद्यात काम करतात, त्यामुळे कॅल्शियम कार्बोनेट भरण म्हणून, म्हणजे तंतूंमधल्या जागा भरणारी पूड म्हणून, वापरता येऊ लागले आणि कागद अधिक पांढरा, अपारदर्शक व टिकाऊ झाला. रोजनिशी, संशोधनाच्या नोंदी किंवा जपून ठेवायचे काहीही लिहिणाऱ्यांना आम्ही आम्लमुक्त कागदाचाच आग्रह धरतो. ‘आयएसओ ९७०६’ हे टिकाऊ कागदाचे मानक त्यासाठीच आहे.

बॉलपेनाची शाई तेलकट आणि घट्ट असल्याने तिला साइझिंगचे फारसे सोयरसुतक नसते. हल्लीचा बहुतेक वह्यांचा कागद तिला समोर ठेवूनच बनतो, आणि फोटोकॉपीचा कागद टोनरसाठी. शाईपेनाची शाई मात्र बहुतांशी पाणीच असते. त्यामुळे छपाईला उत्तम ठरणारा कागद शाईपेनाखाली टिकेल, असे गृहीत धरता येत नाही.

छोट्या संस्थेला गिरणीकडून स्वतःच्या कृतीचा कागद बनवून घेणे परवडत नाही, कारण गिरण्या टनांच्या हिशेबाने ऑर्डर घेतात. बाजारात तयार असलेल्या कागदांतून निवड करणे एवढेच आमच्या हाती असते, आणि ती निवड दर लॉटला नव्याने करावी लागते. एकाच गिरणीच्या एकाच नावाच्या कागदाचे दोन लॉट शाईखाली सारखे वागतीलच, असे नाही. कागद किती पाणी शोषतो ते मोजण्याची कॉब चाचणी प्रसिद्ध आहे: ठरावीक क्षेत्रफळावर ठरावीक काळ पाणी ठेवायचे आणि कागदाचे वजन किती वाढले ते पाहायचे. ती आम्ही विचारात घेतो, पण तिच्यावर थांबत नाही. शाईत रंगद्रव्याबरोबर पृष्ठताण कमी करणारी द्रव्ये असतात, त्यामुळे साध्या पाण्याला अडवणारा कागद एखाद्या ओलसर शाईला वाट देतो. म्हणून प्रत्येक लॉटच्या तावांवर रुंद निबाने, भरपूर शाई सोडणाऱ्या पेनाने, दोन्ही बाजूंना लिहून पाहतो. दोन्ही बाजूंना, कारण अनेक यंत्रांवर बनलेल्या कागदाची जाळीकडची (लगदा ज्या जाळीवर पसरतात तिला टेकलेली) बाजू आणि वरची बाजू यांच्या पोतात फरक असतो. दमट हवेत हीच चाचणी पुन्हा करतो; ओलावा धरलेला कागद कोरड्या हवेतल्यासारखा वागत नाही.

यात एक तडजोड अटळ आहे. शाई जितकी पृष्ठभागावर राहील तितकी तिची छटा खुलते आणि रेघ धारदार दिसते, पण तितकीच ती सुकायलाही वेळ घेते. फार गुळगुळीत, पक्क्या साइझिंगच्या कागदावर अर्धे मिनिट थांबूनही पान मिटण्याची धास्ती वाटते. बैठकीत भराभर टिपणे घेणाऱ्याला किंवा डाव्या हाताने लिहिणाऱ्याला असा कागद त्रासदायकच. आर्ट पेपर, म्हणजे लेप दिलेला छपाईचा कागद, तर या टोकाचेही टोक आहे, त्यावर शाई बोटाला लागत राहते. आम्ही नेहमीच्या वह्यांसाठी मध्यम शोषणाचा, किंचित पोत असलेला, फिकट मलईरंगी कागद निवडला. शाईच्या रंगांची हौस असलेल्यांसाठी गुळगुळीत कागदाची वेगळी वही ठेवली आहे. दोन्हींत सर्वोत्तम कोणती, या प्रश्नाला आम्ही उत्तर देत नाही. आधी कोणत्या निबाने आणि किती वेगाने लिहिता, ते विचारतो.

बांधणीकडे आमचे मन अजूनही अधिक ओढ घेते, हे कबूल करायला हवे. यंत्रावर कागद बनताना बहुतेक तंतू एका दिशेला वळतात आणि ओल लागली की कागद त्या दिशेला आडवा अधिक फुगतो. म्हणून वहीचा कणा तंतूंच्या दिशेला समांतरच हवा. ती दिशा चुकली तर पाने कण्याजवळ लाटा धरतात आणि वही दाबून धरल्याशिवाय उघडी राहत नाही. तावाचा लहान तुकडा एका बाजूने ओला केला की तो ज्या अक्षाभोवती गुंडाळतो ती तंतूंची दिशा. कापणीपूर्वी आम्ही ही खात्री करून घेतो, मग त्यात कागदाची कात्रणे अधिक वाया गेली तरी चालते. नुसत्या डिंकाने चिकटवलेली वही सपाट उघडत नाही आणि शाईपेन तिरक्या पानावर नीट चालत नाही, म्हणून आम्ही जुज शिवूनच बांधतो.

रेघांबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. त्या फिकट राखाडी आणि बारीक असाव्यात, कारण छपाईची तेलकट शाई जाड बसली की त्या जागी पेनाची शाई अडखळते. शिवाय देवनागरीत वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार येत असल्याने दोन रेघांत ८ मिलिमीटरपेक्षा कमी अंतर आम्ही ठेवत नाही.

वही घेणाऱ्याला आमचे सांगणे असते की स्वतःचे सर्वांत ओले, म्हणजे सर्वांत जास्त शाई सोडणारे, पेन बरोबर आणावे, चार ओळी लिहून एका जागी उभ्या-आडव्या रेघा ओढाव्यात आणि तळवा टेकलेल्या जागीही लिहून पाहावे, कारण हाताचा तेलकटपणा लागला की चांगल्या कागदावरही शाई तुटते. अलीकडे आम्ही प्रत्येक वहीच्या शेवटच्या पानाच्या तळाशी कागदाचा लॉट क्रमांक छापू लागलो आहोत. एखादी वही मनासारखी निघाली तर तो क्रमांक कळवावा. त्या लॉटचे ताव शिल्लक असतील तोवर त्याच कागदाची वही बांधून देतो, आणि संपले असतील तर तसे स्पष्ट सांगून नव्या लॉटचा नमुना-ताव आधी लिहून पाहण्यासाठी पाठवतो.