वस्तऱ्याचा कापडी पट्टा: धुणं, वाळवणं आणि उसवलेली कड

वस्तऱ्याची धार ज्यावर फिरवून नीट करतात, त्या माझ्या पट्ट्याला दोन पदर आहेत: एक कापडाचा, एक चामड्याचा. कापडावर वीस फेऱ्या मारल्या की वस्तरा दाढीचे केस ओढायला लागायचा. तेच पातं नुसतं चामड्यावर लावलं की नीट चालायचं. म्हणजे खोट कापडातच होती. पट्टा उजेडात तिरपा धरला तर मधला भाग काळपट, चकचकीत दिसला. एका कडेला बोटभर लांबीच्या दशा निघाल्या होत्या आणि वरच्या कडीजवळची शिवण निम्मी उसवली होती. ओला पांढरा रुमाल फिरवल्यावर त्यावर करडा पट्टा उमटला: पात्यावरचं तेल, साबणाचा थर आणि पोलादाची बारीक भुकटी.

आधी दोन स्क्रू काढून चामडं वेगळं केलं. चामडं भिजलं की वाळताना कडक होतं आणि कडा वर वळतात. रिव्हेट मारलेला पट्टा असेल तर चामडं प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवावं. धुण्याचा हा प्रकार सुती कॅनव्हास आणि लिननसाठीच आहे. नमदा, म्हणजे दाबून केलेलं लोकरीचं कापड, भिजवू नये, त्याचा आकार बिघडतो.

दोन लिटर कोमट पाण्यात एक चमचा सौम्य द्रव साबण घातला, पट्टा दहा मिनिटं बुडवला आणि मऊ ब्रश फक्त लांबीच्या दिशेनं चालवला. गोल गोल घासलं की धाग्यांचे तंतू उभे राहतात. ब्लीच नको, त्यानं धागा कमजोर होतो. कपडे मऊ करणारं द्रावणही नको, त्याचा बुळबुळीत थर कापडावर राहतो. पाणी स्वच्छ निघेपर्यंत तीनदा खळबळलं. कापडाला धार घासणारी हिरवी क्रोमियम ऑक्साइडची पेस्ट लावलेली असेल तर ती पाण्यात विरघळत नाही, साबणानं थोडीफार सुटते एवढंच. असा पट्टा साधा करायच्या फंदात न पडता पेस्टसाठीच ठेवलेला बरा.

पिळायचं नाही. पिळ्याची सुरकुती पडली की पातं तिथे उडी मारतं. टॉवेलमध्ये गुंडाळून तळहातानं दाबत पाणी काढलं.

खरा घोळ वाळवताना झाला. पट्टा कडीला टांगून खाली वजन बांधलं, तर ताण सगळा मधल्या धाग्यांवर आला आणि दोन्ही कडा पन्हळीसारख्या वळल्या. पुन्हा भिजवून सपाट फळीवर पसरला, दोन्ही टोकं ताणली आणि कडांना पाच-पाच सेंटिमीटरवर न गंजणाऱ्या क्लिपा लावल्या. लोखंडी टाचण्या वापरल्या तर गंजाचे ठिपके पडतात, आणि गंजाचा कण धारेला खरवडतो. सावलीत वाळू दिला. किंचित दमट असतानाच वर पातळ कापड टाकून उलट्या बाजूनं इस्त्री फिरवली. नायलॉनच्या पट्ट्याला इस्त्री लावू नये.

निघालेल्या दशा ओढल्या नाहीत, बारीक कात्रीनं छाटल्या. एक धागा ओढला की आख्ख्या रुंदीत चुणी पडते. मग मेण लावलेल्या सुती दोऱ्यानं काजाचे टाके घातले: दोन टाक्यांत तीन मिलिमीटर, खोली चार ते पाच. पट्टा पात्यापेक्षा अरुंद असेल तर धार कडेवरूनही जाते, म्हणून टाके लाकडी हातोडीनं ठोकून सपाट केले. कडेला गोंद लावायचा मोह टाळावा. वाळलेल्या गोंदाचा कडक कंगोरा धारेला टवका पाडतो.

कडीजवळ उरलेला दोरा काढला, तीन सेंटिमीटरची घडी काटकोनात बसवली, चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण मारली. गाठी मागच्या बाजूला. घडी जरा तिरकी बसली तरी ओढल्यावर पट्ट्याची एक बाजू सैल राहते आणि धार त्या बाजूला गोलावते.

शेवटी दाढीच्या साबणाचा घट्ट फेस कापडात चोळला, वरून काचेची गुळगुळीत बाटली दाबून दहा-बारा वेळा लाटली, वरचा साबण पुसून पट्टा रात्रभर वाळवला. ही जुनी पद्धत आहे, आणि तिनं उठलेले तंतू खरंच बसतात. नखानं चाचपून खडा-गाठ नाही याची खात्री केल्यावर आधी जुना, टाकाऊ वस्तरा दहा फेऱ्या चालवला: पट्टा ताठ, पात्याची जाड पाठ कापडाला टेकलेली, वळवताना पाठीवरूनच पालटायचा. भिंगातून धारेवर नवा ओरखडा दिसला नाही, तेव्हाच चांगला वस्तरा घेतला. दाढीनंतर पातं पूर्ण कोरडं करूनच कापडावर न्यायचं. ओल राहिली की तोच करडा पट्टा पुन्हा उमटायला लागतो.