पेन्शन घेऊन खेड्यात राहायला जाण्याआधी

विदर्भातल्या कुठल्याही खेड्यात पानठेल्यावर "गाव कसं आहे?" असं विचारून बघा. उत्तर ठरलेलं असतं: "गाव चांगलं आहे, पण राजकारण लय आहे." घर बघायला आलेला पेन्शनर यावर हसतो आणि बोअरला पाणी किती फुटांवर लागतं ते विचारायला लागतो. पाण्याचं नंतर कळतंच. राजकारण लय आहे म्हणजे नेमकं काय, हे तिथेच आणखी एक चहा सांगून विचारून घ्यायला हवं.

शेजारी आपल्या विचारांचे असावेत, देवधर्माच्या बाबतीत फार ओढाताण नसावी, ही इच्छा गैर नाही. सत्तरीत रोज संध्याकाळी कोणाशी वाद घालणार? पण ‘आपल्या विचारांचं गाव’ शोधणारे बहुतेक जण आमदार कोणाचा, खासदार कोणाचा एवढंच बघतात. मतदारसंघात अडीच-तीन लाख मतदार असतात आणि तुमच्या गल्लीत चाळीस घरं. आमदारावरून गल्ली कळत नाही.

गल्लीच्या जवळ जाणारा एक सरकारी कागद मात्र आहे: निवडणुकीचा नमुना २०. लोकसभा आणि विधानसभेची मतमोजणी झाली की बूथनिहाय मतांचा हा तक्ता तयार होतो आणि राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मिळतो. एका ओळीत एक मतदान केंद्र, पुढे प्रत्येक उमेदवाराची मतं, शेवटी नोटा आणि बेरीज. सोबत त्याच भागाची मतदार यादी घ्या. यादीच्या पहिल्या पानावर त्या भागात कोणते वॉर्ड, कोणत्या वस्त्या येतात ते छापलेलं असतं.

समजा गावात दोन बूथ आहेत, दोन्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत, खोली क्रमांक १ आणि २. पहिल्या खोलीत एका उमेदवाराला ४१० आणि त्याच्या विरोधकाला ९०. दुसऱ्या खोलीत आकडे नेमके उलटे. दोन्हीची बेरीज करणाऱ्याला गाव ‘अटीतटीचं’ वाटेल, पण इथे दोन गावं एका नावाने नांदताहेत. आता यादीचं पहिलं पान घेऊन प्रत्यक्ष जा आणि या दोन भागांच्या मध्ये काय आहे ते बघा. नाला आहे, डांबरी रस्ता आहे की एकच किराणा दुकान आहे जिथे दोन्हीकडचे लोक उधारीवर माल नेतात? दुकान असेल तर आकड्यांना फार घाबरू नका.

हा तक्ता वाचताना चुका कुठे होतात तेही सांगतो. बूथचे क्रमांक दर निवडणुकीला बदलू शकतात, म्हणून जुळवणी क्रमांकावरून न करता शाळेच्या आणि खोलीच्या नावावरून करायची. २००८ च्या पुनर्रचनेआधीचे निकाल बाजूला ठेवा, मतदारसंघच वेगळे होते. २०१९ आणि २०२४ ची थेट तुलना फसवी आहे, कारण मधल्या काळात शिवसेना आणि राष्ट्रवादी दोन्ही फुटल्या. तेच चिन्ह, पण माणसं भलतीच. आणि एकाच निकालावरून गावाचा स्वभाव ठरवायचा नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये विदर्भातल्या १० लोकसभा जागांपैकी ७ महाविकास आघाडीला गेल्या, आणि त्याच मतदारांनी नोव्हेंबरमध्ये विधानसभेच्या ६२ पैकी बहुतांश जागा महायुतीला दिल्या. सात महिन्यांत गावाचा धर्म बदलला नव्हता आणि शेजारीही बदलले नव्हते. कापूस-सोयाबीनचा भाव, उमेदवाराची जात, तालुक्याच्या गावातली सोयरीक, खात्यात आलेले पैसे असं बरंच काही त्या एका बटणात असतं.

पॅनलचं, म्हणजे ग्रामपंचायतीला उभ्या राहणाऱ्या गावातल्या गटांचं, राजकारण वेगळं. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. एकाच पक्षाचे दोन कार्यकर्ते दोन पॅनलांत असतात, आणि कधी काळचे हाडवैरी एका पॅनलात. सदस्य ७ ते १७, मुदत ५ वर्षं, सरपंच थेट जनतेतून. यातून जो घोळ होतो तो निवृत्त माणसाच्या नळापर्यंत येतो: सरपंच एका पॅनलचा आणि सदस्यांचं बहुमत दुसऱ्याचं. मग नळयोजनेच्या मोटारीचं बिल मासिक सभेत मंजूर होत नाही, वीज कापली जाते, भर वैशाखात टाकी कोरडी. अकोला, चंद्रपूरकडच्या ४५ अंशांत हे सोसायचं असेल तर पक्षाचा रंग कुठलाही असून फरक पडत नाही.

म्हणून ग्रामसभेचं प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेत काय झालं ते लिहिलेली वही, वाचायचं. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. नाहीतर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. मागच्या दोन वर्षांच्या सभा बघा. दर वेळी पहिली सभा तहकूब आणि दुसरी वीस-बावीस सह्यांवर उरकलेली दिसली तर गावाने एकत्र बसणं सोडलेलं आहे. भांडणाच्या नोंदी दिसल्या तर उलट बरं समजा, लोक निदान येऊन बोलतात तरी. वही दाखवायला कोणी कां-कूं केलं तर माहिती अधिकाराचा १० रुपयांचा अर्ज टाका, छायांकित प्रतीला पानामागे २ रुपये. अर्ज टाकल्यावर गाव तुमच्याकडे कसं बघायला लागतं, तीही एक चाचणीच. शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या सेवा सहकारी सोसायटीची मागची निवडणूक अविरोध झाली की चुरशीची, हेही विचारा. गावातली खरी ताकद कुणाच्या हातात आहे ते ग्रामपंचायतीपेक्षा तिथे जास्त दिसतं.

धर्माचा आकडा शोधायला जनगणना उघडाल तर निराश व्हाल. २०११ च्या जनगणनेत गावपातळीवर अनुसूचित जाती-जमातींची संख्या मिळते. धर्मनिहाय आकडे मात्र तालुका आणि शहरापाशी थांबतात. तसा आकडा मिळाला असता तरी राहायला जाणाऱ्याला त्यातून फारसं काही कळलं नसतं. आडनावं विचारत फिरणं तर मुळीच करू नका. तुम्ही माणसं मोजताय हे लोकांना पाच मिनिटांत कळतं आणि मग प्रत्येक जण तुमच्या चेहऱ्याला आवडेल ते सांगतो. त्यापेक्षा सकाळी पाच ते आठ गावातून पायी फिरा. मारोतीचं देऊळ, बुद्धविहारावरचा पंचशील ध्वज, मशिदीचा मिनार, तांड्यावर सेवालाल महाराजांचा पांढरा झेंडा हे सगळं दिसेल. कुठल्या झेंड्याखालचा रस्ता सिमेंटचा झाला आणि कुठे अजून गोटे आहेत, तेही दिसेल.

पंथाप्रमाणे दिवसाची लय बदलते आणि राहणाऱ्याला रोज भेटते ती लय. मोझरीच्या आसपास, तिवसा तालुक्यात, गुरुदेव सेवा मंडळाची संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना गावोगाव चालते. तुकडोजी महाराजांनी ती कुठल्याच एका देवाच्या नावाने बांधलेली नाही, त्यामुळे देव न मानणारा निवृत्त मास्तरही तिथे निवांत बसतो. रिद्धपूरकडे महानुभावांची घरं, मांस-मद्य वर्ज्य. रविवारी मटण शिजवणाऱ्याने भाड्याचं घर घेताना हे आधीच मोकळेपणाने बोलून घ्यावं. शेगावजवळ घर घेणाऱ्याला गुरुवारची आणि प्रकटदिनाची गर्दी, पोहरादेवीजवळ रामनवमीची यात्रा धरूनच चालावं लागतं. त्या दिवशी अँब्युलन्स कोणत्या रस्त्याने आत येईल, हे वर्षातला दुसरा कुठलाही दिवस बघून विचारून ठेवा. भंडारा-गोंदियात दिवाळीनंतर मंडई, झाडीपट्टीत रात्र-रात्र नाटकं. ज्याला नाटकाचा शौक आहे त्याला स्वर्ग, ज्याला दहाला झोप लागते त्याला नाही.

भोंग्याचं गणित कायद्यात स्पष्ट आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. प्रत्यक्षात काकडा पाचला सुरू होतो, अजान पहाटे होते, भागवत सप्ताहाचा कर्णा सात दिवस विजेच्या खांबावर असतो आणि जयंतीचा डीजे कुठल्याही महापुरुषाचा असो, काचा सारख्याच हलवतो. तक्रार एकाच्याच आवाजाची करणारा म्हातारा गावात लगेच ओळखला जातो. कर्णा कोणत्या खांबावर आहे ते बघून घर त्याच्यापासून दूर घेणं, हा उपाय अर्जापेक्षा स्वस्त आहे.

गावात सलोखा आहे का, असं विचारू नका. "आमच्याकडे सगळे भाऊ-भाऊ" असंच ऐकायला मिळेल. तारीख घेऊन विचारा. २०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आले. राज्यात बऱ्याच ठिकाणी जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं ठरलं. तुमच्या गावात तेव्हा काय ठरलं, कोणी ठरवलं, बैठक कुठे झाली? पोलीस पाटलांना हे तोंडपाठ असतं, कारण सणाआधीच्या शांतता समितीच्या बैठकीला तेच हजर असतात. दुसरा प्रश्न, १४ एप्रिलची मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाते आणि मोठ्या पेठेतून जाताना तिथली दुकानं उघडी असतात की शटर खाली? मिरवणुकीला पाणी-शरबत कोण देतं? तिसरा, मोहरमच्या सवारीला गावातले हिंदू अजून नवस फेडतात का? पूर्वी वऱ्हाडात कित्येक गावी ही रीत होती. अलीकडे बंद झाली असेल तर कधीपासून आणि कशावरून, ते शांतपणे ऐकून घ्या. तंटामुक्ती समितीचे अध्यक्षही बोलते होतात. गावातले तंटे गावातच मिटवायची ती मोहीम २००७ ची. बक्षिसाची पाटी गावाच्या वेशीवर असते, पण समिती या वर्षी किती वेळा बसली ते अध्यक्षच सांगू शकतील.

दारूचाही प्रश्न यातच येतो, कारण बायकांचं राजकारण तिथे दिसतं. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात २०१५ ला लागली आणि २०२१ ला उठली. बंदी असो-नसो, कुठल्या गल्लीत विकतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. गावातल्या महिलांनी कधी आडव्या बाटलीसाठी, म्हणजे दारूचं दुकान बंद करायला, मतदान मागितलं होतं का, आणि मागणाऱ्या बायांना नंतर त्रास झाला का, हे बचत गटाच्या अध्यक्षांना विचारा. उत्तर द्यायला त्या किती वेळ घेतात तेही बघा.

स्मशानभूमीबद्दल विचारायला सगळेच लाजतात. कित्येक गावांत ती समाजाप्रमाणे वेगळी आहे, आणि बाहेरून आलेल्या माणसाचं नाव कुठल्याच समाजाच्या यादीत नसतं. शेड कोणाचं, कब्रस्तानची जागा कोणाच्या नावावर, पावसाळ्यात तिथपर्यंत रस्ता आहे का, की कोणाच्या वावरातून जावं लागतं आणि तो कास्तकार कधी अडवतो का? शेजाऱ्याचं मत कुठे पडतं यापेक्षा या प्रश्नाचं उत्तर तुमच्या मुलांच्या जास्त कामाचं आहे. अडवणूक आणि वाळीत टाकणं यांविरुद्ध राज्यात २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आहे. पण पेन्शनरने कोर्टात जाऊन गावात राहणं अवघडच.

जमिनीचं थोडक्यात. तुम्ही शेतकरी नसाल तर विदर्भाच्या १९५८ च्या कूळ कायद्यातल्या कलम ८९ मुळे शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही. आदिवासींची जमीन कोणी ‘स्टॅम्पवर करून देतो’ म्हणाला तर तिथून उठा. गावठाणातलं घर घ्या, ग्रामपंचायतीचा नमुना ८ (घरपट्टीचा उतारा) आणि स्वामित्व योजनेतली घराच्या मालकीची सनद बघून.

पण विकत घेण्याआधी भाड्याने राहा. खेड्यात भाड्याची घरं नसतात असं म्हणतात, तरी मास्तर आणि ग्रामसेवक आता तालुक्याहून अप-डाऊन करतात, त्यांच्या जुन्या खोल्या रिकाम्या पडल्या आहेत. पोळ्याच्या आधी जा आणि १४ एप्रिल झाल्यावर ठरवा. त्यात गणपती, दुर्गा, दिवाळी, शिवजयंती आणि बहुतेक वर्षी रामनवमीही येते. एखादी निवडणूक आली तर उत्तम. मतदानाचा दिवस सगळीकडे गोड असतो. निकालानंतरच्या आठवड्यात हरलेल्या पॅनलच्या माणसाच्या घरचं लग्न किंवा तेरवी आली तर जिंकलेले जेवायला जातात का ते बघा.

वर्गणीची पावती पहिल्याच महिन्यात दारात येईल. रक्कम एकच ठरवा, ५०१ म्हणा, आणि गणपती, दुर्गा, भीमजयंती, शिवजयंती, संदल सगळ्यांना तेवढीच द्या. पावत्या एका तारेत ओवून ओसरीवर टांगून ठेवा. कोणाला जास्त दिले असं कोणी म्हणालं की तार दाखवायची.

मतदार यादीतलं नाव हलवण्याचा नमुना ८ (हा घरपट्टीचा नव्हे, निवडणुकीचा) मात्र घर पक्कं झाल्यावरच भरा. तो भरला की दोन्ही पॅनलांच्या वहीत तुमच्या घरासमोर ‘२ मतं’ लिहिलं जातं, आणि तिथून पुढे चहाचं बोलावणं दोन्हीकडून येतं.