स्क्वॉटनंतरची रग आणि डीप टिश्यू मसाज

स्क्वॉटच्या दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या की जिममध्ये सल्ला ठरलेला असतो: "चांगलं रगडून घे, लॅक्टिक ॲसिड निघून जाईल." ते तर व्यायामानंतर तासाभरात आपोआप ओसरलेलं असतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची रग असते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांची. डीप टिश्यू मसाजने, म्हणजे स्नायूंच्या आतल्या थरापर्यंत दाब देऊन केलेल्या मालिशने, ती जरा कमी होते आणि सांधा काही काळ मोकळा हलतो. ताकद मात्र त्याने वाढत नाही.

खरा उपयोग पोटरीत दिसतो. पोटरी आखडली की स्क्वॉटमध्ये खाली बसताना टाच उचलली जाते. पायाचा अंगठा भिंतीपासून 10 सेंमीवर ठेवा, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकतो का बघा. मसाजनंतर पुन्हा बघा. फरक पडला असेल तर लगेच हलक्या वजनाचे दोन-तीन सेट खाली थांबून मारा, नाहीतर मिळालेला मोकळेपणा तसाच वाया जातो.

मांडीचा मसाज करताना पहिली पाच मिनिटं नुसत्या हाताच्या तळव्याने. मग कोपराचं टोक न लावता कोपर ते मनगटामधला हाताचा सपाट भाग, गुडघ्याकडून जांघेच्या दिशेने, एका फेरीला 10-15 सेकंद. मांडीला चमचाभर तेल पुरे; जास्त झालं की हात घसरतो आणि मालिश करणारा उगाच जोर वाढवतो. दुखणं 10 पैकी 6 च्या पुढे नको. श्वास अडकला, स्नायू ताठला, की दाब जास्त झाला समजा. तालमीत पैलवानांचं अंग रोज रगडलं जातं, त्याला सवय असते. महिन्यातून एकदा आलेल्यावर तोच जोर लावला तर निळे डाग ठरलेले.

मॅक्स मारायच्या, म्हणजे एकदाच जास्तीत जास्त वजन उचलून बघायच्या आधीचे दोन दिवस डीप मसाज नकोच, स्पर्धेच्या आठवड्यात तर फक्त हलका हात.

गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरा खाली, हाडाचा गोळा लागतो. त्याला वळसा घालून पाऊल वर उचलणारा मज्जातंतू जातो. तिथे कोपर रोवलं तर पाऊल लुळं पडू शकतं. मानेची पुढची बाजू, जांघ आणि गुडघ्यामागची खळगीही सोडून द्या. मुंग्या आल्या की तिथेच थांबायचं.

मांडीवर वजनाची प्लेट आदळून मुका मार बसला असेल तर सूज आणि दुखणं उतरेपर्यंत ती जागा अजिबात रगडू नका. साकळलेल्या रक्ताच्या जागी काही आठवड्यांत स्नायूतच हाड धरू शकतं, मग गुडघा पूर्ण वाकत नाही. हे जिममध्ये फारसं कुणी सांगत नाही.

लांबच्या प्रवासानंतर एकच पोटरी सुजली, गरम लागली, तर मालिशवाल्याकडे नाही, डॉक्टरकडे जा. आत रक्ताची गुठळी असू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि जबर व्यायामानंतर किंवा रगडून घेतल्यावर लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, कारण मोडलेल्या स्नायूंतला कचरा मूत्रपिंडावर जातो.